घटस्थापनेला पेरा, तुळशीच्या लग्नाला वाटा

हळर्णसारख्या पेडण्यातल्या गावांत भातकापणी झाली की वायंगणी भाजीचे दिवस येतात. जमीन मोकळी झाल्यावर बी पेरायला घेतले, तर रोप तयार होईपर्यंत महिना-सव्वा महिना जातो आणि तोवर ओल उडून जाते. आधी पेरावे, तर आश्विनातला गडगडाटी पाऊस उघड्या वाफ्यातले बी वाहून नेतो. म्हणून सामुदायिक मळ्यासाठी आणि गावात वाटण्यासाठी लागणारी रोपे आम्ही पडवीत तयार करतो.

तारखा सणांवर बसवल्या की विसरत नाहीत. मिरचीच्या रोपाला सुमारे 40 दिवस लागतात, म्हणून घटात रुजवण घालतात त्याच दिवशी मिरचीचे बी पेरावे. वांग्याला महिनाभर पुरतो, ते दसऱ्याला, टोमॅटो कोजागिरीला. तिन्ही रोपे तुळशीच्या लग्नाला वाटण्याजोगी होतात. भेंडी, मुळा, चवळी आणि तांबडी भाजी यांचे बी मात्र थेट वाफ्यातच टाकावे.

भांडी विकत घेऊ नयेत. तळाला भोक पाडलेली करवंटी किंवा दह्याचा कप पुरे. माती, चाळलेले जुने शेणखत आणि वाळू समभाग घ्यावी. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. टोमॅटो साधारण आठवड्यात उगवतो, मिरचीला आठ-दहा दिवस लागतात. अंकुर दिसताच भांडी उजेडात आणावीत, नाहीतर रोपे लांबुडकी आणि कमकुवत होतात. पडवीत उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून भांडी रोज फिरवावीत.

पहिल्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. मायेपोटी आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. एका आठवड्यात निम्म्याहून अधिक रोपे मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. सततच्या ओलीत वाढणाऱ्या बुरशीने रोपे अशी कोलमडतात. त्यांत गावच्या जुन्या मिरचीची रोपे होती आणि ते बी एकाच घरात मूठभर उरले होते. तेव्हापासून तीन नियम पाळतो : सगळे बी एकदम पेरायचे नाही, दाट पेरायचे नाही, आणि मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी द्यायचे नाही. पाणी परातीत ओतून भांडी त्यात थोडा वेळ ठेवतो, म्हणजे ते खालून शोषले जाते.

वाटपाआधी आठवडाभर रोपे उन्हाची सवय होण्यासाठी हळूहळू अंगणात काढावीत आणि पाणी थोडे कमी करावे. लावणी संध्याकाळी करावी.

रोप फुकट देतो, पण बँकेतल्या सवयीने वहीत नाव लिहून घेतो. परतफेड एवढीच : सर्वांत निरोगी झाडावरच्या चार मिरच्या पूर्ण पिकू द्याव्यात, सुकवाव्यात आणि बी आम्हाला आणून द्यावे. शेजारी संकरित मिरची लावू नये, कारण परागीभवनाने जात भेसळते. आपल्या तालुक्यातल्या हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण कागदाने बी जिवंत राहत नाही. दमट हवेत ते दोन-तीन वर्षांत उगवेनासे होते. ते दरवर्षी कुणीतरी पेरावे लागते, आणि एकापेक्षा अधिक घरांत असावे लागते.