‘सेल’ शब्द एक, स्वर दोन

इंग्रजी स्वरांचा विचार आपण नगरच्या कापड बाजारापासून सुरू करू. दुकानावर पाटी असते ‘सेल’. घड्याळवाल्याकडेही आपण ‘सेल’च मागतो. मराठीत दोन्ही शब्द सारखे. इंग्रजीत त्यांचे स्वर वेगळे. लिहायचं ‘पेन’ आणि दुखणं सांगणारं ‘पेन’ यांचंही तसंच. असं का होतं?

इंग्रजी लिपीत स्वरांची अक्षरं पाच, पण ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वर धरतात सुमारे २०. आपण ते देवनागरीत आणतो तेव्हा दोन-दोन ध्वनी एकाच मात्रेत बसवतो, आणि पुढे डोळ्यांनी वाचलेलंच तोंडाने म्हणतो.

आता करून बघा. घड्याळाचा सेल म्हणताना ‘ए’ तोकडा ठेवा, जबडा थोडा उघडा, जीभ जागची हलवू नका. स्वस्ताईचा सेल म्हणताना ‘ए’वरून ‘इ’कडे घसरत जा, ‘सेइल’, पण मध्ये न तुटता.

दुसरी जोडी, जहाजाचं ‘शिप’ आणि मेंढीचं ‘शीप’. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, पण रोजच्या बोलण्यात आपण ते बहुधा सारखेच म्हणतो. अर्थ संदर्भाने कळतो. इंग्रजीत इथे स्वरच अर्थ बदलतो. बरं, नुसतं लांबवून भागत नाही. मारणे या अर्थाच्या ‘बीट’मधला ई हा मणी या अर्थाच्या ‘बीड’मधल्या ईपेक्षा आखूडच असतो, तरी स्वर तोच. म्हणून जिभेकडे लक्ष द्या. ‘शिप’ला जीभ सैल, किंचित खाली, ‘शीप’ला ती टाळूच्या जवळ आणि ओठ फाकलेले.

आपली शिदोरीही मोठी आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. ‘बनाना’ या शब्दात मधला ‘आ’ तेवढा ठसठशीत. पहिला आणि शेवटचा स्वर हलका ‘अ’. शिवाय ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांसाठी मराठीने दोन नवे स्वर स्वीकारलेच ना? गल्लीतली पोरंसुद्धा ते सहज म्हणतात.

हे सगळं कशासाठी? पारनेर-पाथर्डीकडचा एखादा मुलगा विषयात पक्का असतो, पण उच्चाराला कोणी हसेल म्हणून मुलाखतीत गप्प बसतो. त्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एक लहेजा, दुसरा अर्थभेद. लहेजा मराठी राहिला तर त्यात कमीपणा कसला? अर्थ मात्र निसटू नये.

तेव्हा घरी दोघांनी बसावं. एकाने जोडीतला एक शब्द म्हणावा, दुसऱ्याने ओठांकडे न बघता कोणता ते ओळखावं. आधी कान तयार होऊ द्या; जीभ मागोमाग येते.