भुकेल्या देहाचा जमाखर्च



दुष्काळनिधीस हातभार लावणाऱ्या सद्गृहस्थांकडून समितीस एक पृच्छा नेहमी होत असते, व ती रास्त आहे. भुकेल्यास एकदा पोटभर जेवू घातले की काम झाले. असे असता समिती धान्याखेरीज दूधभुकटी, शेंगदाणे, साखर आणि रात्री मुलांजवळ जागणाऱ्या बायांचे वेतन यांवर द्रव्य का खर्च करू पाहते? ज्याने पैसा दिला त्यास हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आम्ही वैद्य नव्हे, वकील आहोत; तथापि ज्या शास्त्राच्या आधारे हा खर्च योजिला आहे ते स्वतः समजून घ्यावे व आपणांपुढे मांडावे, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कांजूरमार्गास दुष्काळाशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. विक्रोळी व भांडुप यांच्या मधल्या या वस्तीच्या एका अंगास ठाण्याची खाडी व मिठागरे आहेत. येथे पीक बुडाले म्हणून कोणी उपाशी राहत नाही. परंतु घाटावरचा व मराठवाड्यातला दुष्काळ आगगाडीत बसून आपल्या दारी येतो. 2016 साली येथून फार दूर नसलेल्या घाटकोपरात नांदेडकडील कुटुंबे मोकळ्या मैदानावर पाले ठोकून राहिली होती, हे पुष्कळांस स्मरत असेल. अशी मंडळी सकाळी नाक्यावर कामासाठी उभी राहतात, तेव्हा त्यांच्या देहात काय चालले असते, हाच आजचा विषय.

प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि त्या सर्व रक्तात कोणत्याही एका क्षणी फिरणारी साखर जेमतेम चहाच्या एका चमच्याइतकी, म्हणजे पाचेक ग्रॅम असते. व्यापारी मंडळींच्या भाषेत सांगावयाचे तर ही गल्ल्यातली रोकड होय. इतक्या अल्प रोकडीवर पेढी चालते याचे कारण, मागे तिजोरी आहे. ती तिजोरी म्हणजे यकृत. जेवणानंतर आलेली जास्तीची साखर यकृत ग्लायकोजेन या रूपाने साठवून ठेवते व गल्ला रिता होऊ लागताच थोडी थोडी बाहेर काढते. यकृत स्वतः साखर पुरविते हा शोध क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाविला. या तिजोरीत सुमारे शंभर ग्रॅम माल राहतो. एकटा मेंदूच दिवसास सुमारे 120 ग्रॅम साखर जाळतो. त्याचे वजन देहाच्या शेकडा दोन, पण खर्च शेकडा वीस! तेव्हा अन्न मिळाले नाही तर ही तिजोरी एका अहोरात्रीत जवळजवळ रिकामी होते, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको, मुनीमही पुरे.

स्नायूंतही याच मालाचा साठा आहे, व तो यकृतातल्याहून मोठा आहे. परंतु तो भागीदाराच्या कुलुपातला माल आहे. स्नायू तो स्वतः वापरतात, रक्तात परत करू शकत नाहीत.

पुढे काय होते? चरबी ही देहाची खरी स्थावर मालमत्ता, आणि ती आठवड्यांवर आठवडे पुरते. मात्र चरबीपासून साखर फारशी होत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत देह स्नायूंतील प्रथिने मोडून यकृताकरवी त्यांची साखर बनवितो. दुष्काळात शेतकरी प्रथम कणगी रिकामी करतो, मग दागिने मोडतो, आणि अखेर बैल बाजारात नेतो. स्नायू मोडणे म्हणजे बैल विकणे होय. आजची भाकर मिळते. पेरणीच्या वेळी औत ओढावयास दावणीला काही उरत नाही.

साखर एकाएकी उतरली म्हणजे काय लक्षणे होतात, हे आपणांपैकी ज्यांस मधुमेह आहे व जे इन्सुलिन किंवा त्या जातीच्या गोळ्या घेतात त्यांस अनुभवाने ठाऊक असेल. औषध घेतले, आणि जेवण लांबले. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या रक्तात दर 100 मिलिलिटरमागे साधारण 70 ते 100 मिलिग्रॅम साखर असते. ती 70 च्या खाली गेली की देह धोक्याची घंटा वाजवितो. हात कापतात, दरदरून घाम सुटतो, छातीत धडधडते, भूक खवळते. हा सर्व अड्रेनलिन या स्रावाचा प्रताप असून यकृतास 'तिजोरी उघड' असे सांगण्याचा तो प्रकार आहे. 54 च्या खाली खुद्द मेंदूच उपाशी पडतो. मग बोलणे अडखळते, दृष्टी अंधुक होते, मनुष्य विनाकारण चिडतो किंवा भ्रमिष्टासारखा वागतो. आणखी खाली गेल्यास झटके येतात व शुद्ध जाते. अशा मनुष्यास पाहणारे 'दारू प्यायला आहे' म्हणून पुढे निघून जातात. प्रत्यक्ष दारूविषयीही येथेच सांगितले पाहिजे. रिकाम्या पोटी घेतलेली दारू यकृताचे नवी साखर बनविण्याचे काम थांबविते. दिवसभर उपाशी राबलेला मजूर संध्याकाळी गुत्त्यावर गेला आणि पहाटे शुद्धीवर आला नाही, तर त्यात दोष केवळ नशेचा असेलच असे नाही.

आता एक चमत्कारिक गोष्ट. दुष्काळात महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या प्रौढात ही लक्षणे बहुधा दिसत नाहीत! तो थरथरत नाही, त्यास घाम येत नाही. तो नुसता बसून राहतो. कारण असे की, उपवास लांबला म्हणजे यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवू लागते, आणि मेंदू आपल्या खर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग त्यांवर भागवू लागतो. त्यामुळे साखरेची निकड घटते व स्नायूंची मोडतोडही मंदावते. त्याचबरोबर देह सर्व खात्यांत काटकसर करतो. नाडी मंद होते, अंग गार पडते, हालचाल नकोशी होते, पायांवर सूज येते, मन चिरचिरे व उदास बनते. खुर्चीत बसून पाहणारास हा आळस वाटतो. तो आळस नव्हे. उत्पन्न घटलेल्या पेढीने दिवे कमी करावेत, नोकर कमी करावेत, तशातला हा प्रकार आहे.

ही गोष्ट न कळल्याने काय होते त्याचा दाखला आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. 1876 साली पाऊस गेला, आणि सोलापूर, नगर, पुणे, सातारा या भागांत सरकारने दुष्काळी कामे काढली. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुराची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वरखर्चासाठी अल्पसे पैसे एवढ्यावर आणली गेली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडून दिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी, खडी फोडणारा मनुष्य एवढ्या शिध्यावर जगू शकत नाही, किमान दीड पौंड धान्य पाहिजे, असे निक्षून सांगितले, आणि मे 1877 पर्यंत मद्रास सरकारने त्यांचे म्हणणे मान्य केले. तुरुंगातील कैद्यासही याहून अधिक शिधा मिळतो, हा मुद्दा त्या वादात निघाला होता. वकील या नात्याने आम्हांस त्याहून बिनतोड युक्तिवाद सुचत नाही. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

निकाल मात्र अठ्ठावन्न वर्षांनी नव्हे, तर अडुसष्ट वर्षांनी लागला, आणि तोही अमेरिकेत. 1945 साली मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी 36 धट्ट्याकट्ट्या तरुणांस, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे दररोज सुमारे 1570 कॅलरी अन्नावर ठेविले. एक पौंड ज्वारीच्या कॅलरी काढा. त्या दीड हजारांच्या आसपासच येतात. त्या तरुणांस खडी फोडावयाची नव्हती. आठवड्यास 22 मैल चालणे व किरकोळ कामे, इतकेच. तरी त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले, नाडी मंदावली, पाय सुजले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, आणि अन्नाखेरीज दुसरा विचार मनात येईना. 1877 मध्ये ज्यांस कामचुकार ठरविले गेले, त्यांच्यातर्फे ही साक्ष फार उशिरा नोंदली गेली. 1972-73 च्या दुष्काळात महाराष्ट्रात कामे निघाली, त्या वेळी ऐन भरात सुमारे 50 लक्ष माणसे कामावर होती. तेव्हाची सुकडी आणि मिलो यांची चव वृद्ध मंडळी अद्याप विसरली नाहीत. मिलोस नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात; पण धान्य पोटात जात होते, हे ते विसरतात.

प्रौढाविषयी एवढे पुरे. मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि समितीचा अधिक खर्च त्यांच्याचसाठी आहे. लहान मुलाचा मेंदू देहाच्या मानाने मोठा, त्याची भूक मोठी. यकृत मात्र लहान. कुपोषित मुलाच्या अंगी चरबी नाही, स्नायू नाहीत, म्हणजे मोडावयास दागिना नाही आणि विकावयास बैलही नाही. अशा मुलास चार ते सहा तास अन्न मिळाले नाही तर साखर धोक्याखाली उतरू शकते. पाड्यावरून एस.टी.ने तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत येण्यासच तेवढा वेळ जातो. आणि भयंकर गोष्ट ही की, अशा मुलास बहुधा घाम येत नाही व ते थरथरतही नाही. ते गार पडते, मलूल होते, झोपते. आई म्हणते, 'निजला आहे, निजू द्या.' पुष्कळदा मरणापूर्वीचे एकमेव चिन्ह ही झोपच असते. साखरेसोबत अंगाची ऊब गेली असेल तर आत कोठेतरी जंतुदोषही आहे असे धरून चालावे, असे वैद्य सांगतात. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे मुले दगावली तेव्हा महाराष्ट्र हादरला. मेळघाटातील बालमृत्यूंचे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे वर्षानुवर्षे चालले आहे. त्या कागदपत्रांत मृत्यूची कारणे निरनिराळी लिहिलेली असतात. भूक हा शब्द क्वचितच आढळतो.

उपाय महाग नाही. मूल शुद्धीवर असेल तर साडेतीन मोठे चमचे पाण्यात एक शीगभर लहान चमचा साखर विरघळवून तत्काळ पाजावी, अंग झाकून आईच्या उराशी धरावे, आणि त्यानंतर दर दोन तासांनी थोडे थोडे पातळ अन्न द्यावे, रात्रीसुद्धा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न ओतता दवाखान्याकडे धावावे. रात्रीच्या बायांचे वेतन हिशेबात आले आहे ते यासाठी. बिहारात मुजफ्फरपूर येथे लिचीच्या हंगामात मुले पहाटे झटके येऊन मरत असत. 2014 साली तपास झाला तेव्हा असे आढळले की, लिचीतील एक विषारी द्रव्य देहाचे साखर बनविण्याचे व चरबी जाळण्याचे काम अडविते, आणि ज्या मुलांनी रात्रीचे जेवण घेतले नव्हते त्यांस धोका अधिक होता. मुलांस रात्री जेवू घालून निजवा, हा त्यावरील मुख्य सल्ला होता.

राहिला पोटभर जेवणाचा प्रश्न. ज्या देहाने दीर्घकाळ उपास काढला त्यास एकदम पंगतीस बसविणे घातक ठरू शकते. गोडधोड पोटात गेले की इन्सुलिन उसळते. त्याबरोबर फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम हे रक्तातले क्षार पेशींत ओढले जातात, आणि आधीच दुर्बळ झालेले हृदय अडखळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटका झालेले कित्येक बंदिवान असे अन्न मिळाल्यावर मेले. यास्तव अत्यंत कृश झालेल्यांस पहिले काही दिवस दूधभुकटीची पातळ पेज थोडी थोडी व वारंवार, आणि पुढे हळूहळू भाकरी, डाळ व शेंगदाणे, असा क्रम समितीने ठेविला आहे. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त जिलेबीचे ताट पाठवू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांचा आम्ही अनादर करीत नाही. त्यांनी त्याच रकमेचे शेंगदाणे पाठवावेत.

वस्तुरूपाने देणाऱ्यांनी ज्वारी, बाजरी, तूरडाळ, मूगडाळ, शेंगदाणे, गोडेतेल, साखर, गूळ व दूधभुकटी द्यावी. तांदूळ देणे झाल्यास फार सडलेला नसावा. कोंड्याबरोबर थायमिन हे जीवनसत्त्व जाते, आणि उपाशी देह पुन्हा अन्न जाळू लागतो तेव्हा नेमकी त्याचीच टंचाई भासते. बिस्किटांचे पुडे आम्हांपाशी पुरेसे आहेत. ज्यांस रोख रक्कम द्यावयाची आहे त्यांनी ती रात्रीच्या पाळीच्या खात्यावर आहे असे पावतीवर लिहून घ्यावे, म्हणजे ती दुसरीकडे वळविता येणार नाही.