मेणवलीचे दफ्तर

नाना फडणवीस हे नाव निघाले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे पेशवाईच्या उत्तरकाळातील एक धोरणी मुत्सद्दी उभा राहतो. परंतु ज्या पदावरून हे नाव पडले ते पद मुळात हिशेबाचे होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. फडणिशी म्हणजे सरकारच्या जमाखर्चाची देखरेख. मुलुखाचा अजमास, बेहेडा व झडती पाहावयाची, रोजकीर्द चालवावयाची आणि मामलेदाराने दाखविलेला वसूल व लाविलेला खर्च कागदोपत्री पडताळून घ्यावयाचा, हे ते काम. सारी नोकरी महसूल खात्यातील बांधणीच्या वह्या चाळण्यात गेलेल्या प्रस्तुत लेखकास नानांविषयी जो आपलेपणा वाटतो, तो त्यांच्या राजकारणामुळे नव्हे, तर या कारकुनी अंगामुळे. कागद जपून ठेवणे हा त्यांचा स्वभावच होता आणि त्या स्वभावाचे फळ म्हणजे मेणवलीचे दफ्तर होय.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. वाईजवळ कृष्णाकाठी असलेले मेणवली हे गाव १७६८ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी व रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी त्यांस दिले. तेथे त्यांनी वाडा, घाट व देवालये बांधली. कारभार पुण्यास चाले, तरी घर म्हणून जे काही होते ते मेणवलीस. त्या काळी सरकारी कागद व घरचा कागद यांमध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती. परदरबारच्या वकिलाने कारभाऱ्यांस लिहिलेले पत्र पुष्कळदा कारभाऱ्यांच्याच घरी राही. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली व पुण्याचे सरकारी दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. मेणवलीचे रुमाल मात्र नानांच्या घराण्याकडे तसेच राहिले. नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिउबाई यांनी अत्यंत बिकट काळातून घर सांभाळिले, याचेही श्रेय येथे नोंदविले पाहिजे. इतिहासाच्या पुस्तकांत ते क्वचितच दिलेले आढळते.

हे दफ्तर उजेडात आणण्याचे श्रेय साताऱ्याचे रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे. १८७० साली जन्मलेल्या या गृहस्थाने आपले आयुष्य जुने कागद मिळविण्यात वेचिले. १९०८ साली सुरू केलेल्या ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून त्यांनी असे कितीतरी कागद छापिले. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यास सरकारच्या साहाय्याने ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. परंतु १९२६ साली पारसनीस वारले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. आमच्या जिल्ह्याचा ठेवा जिल्ह्याबाहेर गेला, ही हळहळ सातारकरांच्या तोंडून अद्याप ऐकू येते. हळहळ खरी आहे. तथापि ज्या ठिकाणी कागद उलगडणारे, वाचणारे व त्याची यादी करणारे लोक आहेत, त्या ठिकाणी तो गेला हे आमच्या मते वाईट झाले नाही. कुलपात राहून वाळवीस मिळालेल्या कागदापेक्षा परगावी वाचिला जाणारा कागद केव्हाही बरा.

आता एकाच घरचे कागद वाचिले तर इतिहास एकाच बाजूने कळतो. सुदैवाने नानांच्या बाबतीत दुसरी बाजूही आपल्याच मुलुखात, आजच्या सांगली जिल्ह्यात, जतन झाली. मिरजेच्या शाळेत शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांस पटवर्धन सरदारांच्या घरचे कागद पाहावयास मिळाले. शाळेचे काम सांभाळून त्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापावयास आरंभ केला. मोडी पत्र वाचावे, बाळबोधीत उतरावे, तिथीवरून इंग्रजी तारीख बसवावी, वर प्रसंगाचा खुलासा लिहावा, असा त्यांचा क्रम असे. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात हा उद्योग वर्षानुवर्षे चालविणे म्हणजे काय, हे ज्यांनी पगारावर दिवस काढिले त्यांसच समजेल. नानांचे चरित्रही याच शास्त्रीबोवांनी लिहिले.

दोन्ही बाजूंच्या कागदांचे मोल कोठे कळते, त्याचे एक उदाहरण देतो. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले व गादीचा तंटा उपस्थित झाला. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन हे तोपर्यंत नानांचे जिवलग सहकारी. परंतु १७९६ साली भाऊंनी शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांच्याशी मिळून चिमाजी अप्पास गादीवर बसविले आणि नानांस पुणे सोडून प्रथम वाईस व तेथून घाट उतरून महाडास जावे लागले. तेथून पत्रांच्या जोरावर नानांनी सारा डाव फिरविला व वर्ष संपण्यापूर्वी बाजीराव गादीवर आला. यात भाऊ बेइमान की नाना हट्टी, असा वाद आमच्याकडे पारावर आजही रंगतो. असा वाद सोडवावयाचा तर मेणवलीच्या कागदाशेजारी पटवर्धनांचा कागद ठेवून दोहोंच्या तारखा लावाव्या लागतात. बांधाच्या भांडणात दोन्ही शेजाऱ्यांचे उतारे मागवितात तद्वतच हे आहे. भाऊ १७९९ साली कोल्हापूरकरांशी झालेल्या लढाईत पट्टणकुडीस पडले व पुढील वर्षी नाना गेले. दोघांचे भांडण संपले, कागद राहिले.

वाचक म्हणतील, हे मोठ्यांच्या घरचे झाले. आम्हा कुणब्यास त्याचे काय? याचे उत्तर इनाम कमिशनाने पूर्वीच देऊन ठेविले आहे. १८५२ सालच्या ११ व्या कायद्याने दक्षिणेतील इनामांची चौकशी झाली, तेव्हा ज्यांस सनद दाखविता आली नाही अशा अनेकांची इनामे खालसा झाली. सरकारपाशी मात्र पेशवे दफ्तर होते. त्याचे रुमाल पस्तीस हजारांच्या आसपास भरतात, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग छापिले. सरकारने आपला कागद जपिला. रयतेने जपिला नाही, तेथे रयत हरली.

दुसरी गोष्ट तर कालपरवाची. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जुन्या नोंदी पुष्कळशा मोडीत आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ही अडचण तेव्हा सर्वांच्या अनुभवास आली. पणजोबांच्या हातचे खरेदीखत पणतूने उलटे धरावे, अशी आपली स्थिती झाली आहे. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरतात. प्रत्येक मोठ्या गावातून एखाद्या होतकरू मुलाने ते करावेत, असे आम्हांस वाटते. एका मुलाचा खर्च गावाच्या सोसायटीस जड नाही.

घरचे कागद जपण्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण यात चुका फार होतात. नवे घर बांधताना माळ्यावरचे बाड केरात जाते. ते आधी कोणा जाणत्यास दाखवावे. जुना कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा चिकटवून घेऊ नये, त्याने तो गुदमरतो व पुढे सोडविता येत नाही. धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल, आत वेखंडाचे तुकडे व कोरडी जागा ही जुनी रीतच चांगली. धान्याच्या कणगीजवळ कागद ठेवू नये, किडा व उंदीर तेथूनच येतात. कृष्णाकाठच्या गावांस तर पुराचा धडा ताजा आहे. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत सांगली व पलूस भागात घरेच्या घरे पाण्याखाली गेली, तेथे पेटीतल्या कागदाची काय कथा! कागद भिजलाच तर ओला असताना घड्या उलगडू नयेत, उन्हात टाकू नये, इस्त्री तर मुळीच फिरवू नये. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, खाली टीपकागद किंवा सुती कापड घालून तो सावकाश वाळवावा. शाई फुटू लागली असेल तर वाळेपर्यंत थांबू नये, आहे त्या स्थितीत त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. आणि महत्त्वाच्या खतांची एक प्रत नदीपासून दूर असलेल्या सोयऱ्याच्या घरी अवश्य असू द्यावी.