गंजलेली तिजोरी, काळी भिंत

बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात पाच मजली चित्रांपुढे मान वर करून उभं राहताना एक प्रश्न मला बराच वेळ सुचलाच नव्हता. एवढ्या मोठ्या, एकही खिडकी नसलेल्या भिंती या शहरात आल्या कुठून?

उत्तर जुन्या बांधकामात आहे. इथली घरं एकमेकांना चिकटून बांधलेली. शेजारची आग आपल्या घरात शिरू नये म्हणून मधली भिंत जाड आणि बिनखिडक्यांची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी कितीतरी ठिकाणी शेजारचं घर नेलं आणि ही आतली भिंत उघडी पडली. पुढे फाळणी झालेल्या शहरात अशा अनेक जागा तशाच मोकळ्या राहिल्या. चित्राच्या आकाराएवढं एक घर, त्यातल्या चुली-बिछान्यांसकट, इथून गेलंय, हे कळल्यावर मला त्या रंगांकडे नुसतं कौतुकानं बघता येईना.

प्रसिद्ध बर्लिन भिंतीची गोष्टही अशीच आहे. टिएरी नुआर हा फ्रेंच तरुण १९८२ मध्ये पश्चिम बर्लिनला आला आणि भिंतीला लागूनच राहू लागला. १९८४ पासून तो ती रंगवायला लागला. भिंत सरहद्दीच्या थोडी आत, पूर्व जर्मनीच्या हद्दीत बांधलेली होती. म्हणजे पश्चिमेकडून तिला हात लावणारा माणूसही परक्या देशात उभा असायचा आणि तिथले सैनिक त्याला पकडू शकत. म्हणून नुआरची ती लांबट, जाड ओठांची, दोन-तीन रंगांत उरकलेली डोकी. त्या साधेपणात मला तरी पळायच्या तयारीत असलेला माणूस दिसतो.

पूर्वेकडच्या लोकांना हे करण्याची सोयच नव्हती. म्युलेनश्ट्रासेवरची १,३१६ मीटरची ‘ईस्ट साइड गॅलरी’ रंगली ती भिंत पडल्यानंतर, १९९० मध्ये. २१ देशांतले ११८ चित्रकार तिथे आले. सोव्हिएत नेता ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचा होनेकर यांच्या, दिमित्री व्रुबेलनं रंगवलेल्या चुंबनापुढे फोटोसाठी आज एवढी गर्दी असते, की मी तिथून लवकरच काढता पाय घेतला.

इथली रात्रही अशीच मोकळीकीतून वाढली. १९४९ मध्ये पश्चिम बर्लिनच्या हॉटेलवाल्यांचा पुढारी हाइन्झ त्सेलरमायर अमेरिकी सेनाधिकारी फ्रँक हाउलीकडे गेला. सोबत व्हिस्कीची बाटली होती, असं सांगतात. गुत्ते बंद करण्याची सक्तीची वेळ त्यानं उठवून घेतली. कोविडचा काळ सोडला, तर ती पुन्हा लागू झाली नाही. शुक्रवारी-शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर धावते. लोक बिअर पीत रस्त्यानं चालतात आणि रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवतात. बाटलीमागे ८ सेंट अनामत परत मिळते. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये, एवढाच विचार. या शहराबद्दल मला जिव्हाळा वाटला तो इथे.

आणि मग ‘ट्रेझोर’. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थच तिजोरी. वेर्टहाइम या ज्यू कुटुंबाचं भव्य दुकान नाझींनी त्यांच्याकडून हिरावलं, पुढे युद्धात इमारतही गेली. उरलं ते दुकानाच्या तिजोऱ्यांचं तळघर, भिंतीलगतच्या ओसाड पट्ट्याजवळ. भिंत पडल्यावर दिमित्री हेगेमान आणि त्याच्या मित्रांना ते सापडलं आणि मार्च १९९१ मध्ये तिथे क्लब सुरू झाला. त्या जाड भिंतींच्या आत डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय कलाकारांनी घडवलेलं टेक्नो घुमू लागलं. कारखाने ओस पडलेल्या शहराचं संगीत या ओसाड तळघरात शोभलं यात नवल नाही. पूर्व आणि पश्चिमेची मुलं इथे अंधारात शेजारी शेजारी नाचली. कोण कुठला हे त्या अंधारात दिसत नव्हतं.

२००५ मध्ये ती जागा बांधकामासाठी गेली. २००७ पासून ‘ट्रेझोर’ क्योपेनिकरश्ट्रासेवरच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. लोकांच्या ठेवी ज्यांत असायच्या ते लोखंडी कप्पे तिथेही आणले आहेत. मी त्यातल्या एकावर हात ठेवला तेव्हा बोटांना गंज लागला आणि प्रत्येक ठोक्यासरशी पत्रा तळव्याखाली थरथरत होता.

२०२१ मध्ये जर्मन संसदेनं क्लबांना सांस्कृतिक स्थळं मानावं असा ठराव केला. मार्च २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नो देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री ओबरबाउम पुलाजवळचा, श्प्रे नदीकडे काचेची भिंत असलेला ‘वॉटरगेट’ क्लब बावीस वर्षांनी बंद झाला. मोकळ्या जागांनी जे घडवलं, त्याच्या कीर्तीनं त्या जागांचेच भाव चढले. ठरावांनी भाडं उतरत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

‘वॉटरगेट’पासून थोड्याच अंतरावर कुव्रीश्ट्रासे आहे. २००७ आणि २००८ मध्ये ब्लू या इटालियन चित्रकारानं इथल्या दोन भिंती रंगवल्या होत्या. एकीवर दोन माणसं एकमेकांचे मुखवटे ओढत होती. दुसरीवरच्या माणसाच्या हातांत सोन्याची घड्याळं, आणि त्यांचीच बेडी. समोरच्या मोकळ्या मैदानात झोपड्या होत्या. सप्टेंबर २०१४ मध्ये त्या उठवल्या गेल्या. बांधकाम येणार, आणि त्याच्या जाहिरातीला ही चित्रं उपयोगी पडणार, हे दिसत होतं. डिसेंबरच्या एका रात्री ब्लूच्याच संमतीनं माणसं क्रेनवर चढली आणि सकाळपर्यंत दोन्ही भिंती काळ्याकुट्ट करून खाली उतरली.