वूडन फ्लोअरिंग, पण नेमकं कोणतं?

दुकानाच्या काउंटरवर दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्हींवर ओक लाकडाच्या रेषा, दोन्हींवर गाठी, हात फिरवला तर दोन्हींचा पोत थोडा खरखरीत. विक्रेता दोन्हींना ‘वूडन फ्लोअरिंग’च म्हणतो. पण पट्टी उचलून तिची कड पाहिली की फरक लगेच कळतो. एकीची कड तपकिरी, भुसा दाबून बसवल्यासारखी. दुसरीची राखाडी किंवा काळपट आणि एकजीव. पहिली लॅमिनेट, दुसरी व्हिनाइल. वरच्या रेषा म्हणजे दोन्हीकडे लाकडाचा छापलेला फोटो, त्यामुळे त्या कितीही निरखल्या तरी काही हाती लागत नाही. जमीन कशी पुसायची, पावसाळ्यात काय जपायचं, बिघडली तर दुरुस्त होईल का, हे सगळं कडेत दिसणाऱ्या गाभ्यावर ठरतं.

लॅमिनेट हे फर्निचरवरच्या सनमायकाच्या कुळातलं. कागद मेलामाइनच्या रेझिनमध्ये भिजवून उष्णता आणि दाब देऊन टणक करायचा, ही युक्ती जुनीच. ती टेबलावरून जमिनीवर आणली स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने, १९७७ मध्ये. पुढे हा माल ‘पर्गो’ या नावाने जगभर गेला. त्याचा गाभा असतो एचडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिन घालून प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला बोर्ड. त्यावर छापील कागद आणि त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असलेला पारदर्शक थर. सुतार घासायला जो पॉलिश पेपर वापरतात, त्यातही बऱ्याचदा हेच कण असतात. लॅमिनेटवर सहजासहजी ओरखडा उठत नाही तो त्यामुळे.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. मुळात कडक असलेलं हे प्लास्टिक लवचिक करण्याची रीत अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सेमन यांना १९२६ मध्ये सापडली. आज बाजारात ते तीन रूपांत दिसतं. एक, गुंडाळून आणायचा रोल. दुसरं, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, चिकटवायच्या पट्ट्या. तिसरं, सध्या सगळ्यात जास्त विकलं जाणारं एसपीसी. यात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी एकत्र करून गाभा बनवतात, त्यामुळे पट्टी पातळ असूनही हाताला जड लागते. इस्पितळांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सांधे वितळवून जोडलेली, कडेला भिंतीवर थोडी चढवलेली अखंड जमीन दिसते, ती बहुतेक ठिकाणी व्हिनाइलची. रेल्वेच्या डब्यांतही पीव्हीसीच असतं. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला या मालाचा मोठा कारखाना आहे.

नव्या मालाची कड दुकानात पाहता येते. पण भाड्याच्या किंवा रीसेलच्या फ्लॅटमध्ये जमीन आधीच बसवलेली असते. तिथे दाराच्या उंबऱ्याशी असलेली धातूची पट्टी स्क्रू काढून उचलावी, किंवा कोपऱ्यातलं स्कर्टिंग थोडं सैल करावं. कड तिथे उघडी मिळते. नाण्याने ठोकून पाहिलं तर लॅमिनेट टणक आणि पोकळ वाजतं, चिकटवलेल्या व्हिनाइलचा आवाज बसका येतो. मात्र खाली फोम घातलेलं एसपीसीही पोकळ वाजू शकतं, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. आधीच्या मालकाने माळ्यावर एखादा तुकडा ठेवला असेल तर शंकाच राहत नाही: करवतीने थोडा कापायचा. लॅमिनेटमधून लाकडाचा तपकिरी भुसा पडतो, एसपीसीमधून राखाडी-पांढरी भुकटी. उरलेला तुकडा रात्रभर बादलीत टाकला तर सकाळी लॅमिनेटची कड फुगलेली असते आणि वरचा कागद काठाशी उचललेला दिसतो. व्हिनाइल पुसून घेतलं की होतं तसं.

हा बादलीतला प्रयोग अनेक घरांत नकळत रोज चालतो. मोझॅइक, कोटा किंवा शहाबादीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना फरशी धुतल्याशिवाय स्वच्छ झाल्यासारखी वाटत नाही. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत बादल्याच्या बादल्या ओतून खराट्याने पाणी काढायची आपली पद्धत. दगडाला ती मानवते, लॅमिनेटला नाही. पाणी वरच्या थरातून आत जात नाही, ते सांध्यांतून उतरतं, एचडीएफचे तंतू फुगतात आणि दोन पट्ट्या जुळतात त्या रेषेवर उंचवटा उठतो. वाळल्यावरही तो बसत नाही. खऱ्या लाकडासारखं तासून, पॉलिश करून तो घालवता येत नाही, कारण वरचा फोटो मिलिमीटरभरही जाड नसतो. त्या पट्ट्या बदलाव्याच लागतात.

म्हणून घरात लॅमिनेट असेल तर केर-फरशी करणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी नीट दाखवून द्यावं: मऊ झाडूने केर काढायचा, मग मायक्रोफायबरचा मॉप घट्ट पिळून फिरवायचा. मॉप गेल्यावर जमीन मिनिटभरात कोरडी झाली तर पाणी योग्य होतं. सांडलेलं लगेच टिपायचं. स्टीम मॉप अजिबात नको, वाफ सांध्यांत पाण्याहून सहज शिरते. मेण आणि पॉलिशही नको. ते आत मुरत नाही, वर चिकट थर होऊन बसतं आणि त्यावर धूळ धरते. पावसाळ्यात उघडी राहिलेली खिडकी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागे साचणारं पाणी, एसीच्या पाइपचं ठिबकणं, या जागांवर डोळा ठेवावा. बाथरूममध्ये तर लॅमिनेट घालूच नये, दुकानदार कितीही ‘वॉटरप्रूफ’ म्हणोत.

व्हिनाइलला पाण्याचं भय कमी, पण त्याचे शत्रू वेगळे. पहिला शत्रू उष्णता. गॅसवरून उतरवलेला कुकर किंवा इस्त्री क्षणभर खाली टेकली तरी डाग उठतो, तो कायमचा. पश्चिमेकडच्या काचेच्या दारातून येणारं दुपारचं ऊन पट्ट्यांना प्रसरण पावायला लावतं. भिंतीशी जागा सोडलेली नसेल तर जमीन मध्येच उचलली जाते. तिथे जाड पडदा हवाच. दुसरा शत्रू फारसा कोणाच्या लक्षात येत नाही: रबराच्या पाठीचं पायपुसणं. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि काही महिन्यांनी पायपुसणं उचललं की खाली पिवळट चौकोन दिसतो. हा डाग आतून आलेला असतो, घासून जात नाही. सुती किंवा विणलेलं पायपुसणं घ्यावं.

तिसरे रंग. हळदीकुंकवाच्या दिवशी सांडलेली हळद व्हिनाइलवर वाळू दिली तर पिवळी छटा मागे राहते. आधी कोरड्या ब्रशने उचलून मग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावी. रांगोळीचंही तसंच. ओल्या फडक्याने आधी पुसली तर रंग सांध्यांत उतरतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर व्हिनाइलला मऊ करतात, आणि टाइल्ससाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ॲसिड दोन्ही प्रकारांपासून दूर ठेवावं. जड कपाट सरकवताना खाली जुनी सतरंजी घालावी, कारण व्हिनाइलवर खळगा पडतो आणि लॅमिनेटची कड तुटते.

नवीन जमीन घालायचीच असेल तर निवडीआधी खालची ओल तपासावी, विशेषतः तळमजल्यावर आणि कोकणात. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी उघडायचं. आत थेंब जमले असतील तर लॅमिनेट विसरावं. वाळवीचा त्रास असलेल्या घरातही तेच, कारण त्याच्या गाभ्यात लाकूड आहे. पातळ व्हिनाइलची अडचण उलटी: खालच्या जुन्या टाइल्सच्या खाचा काही दिवसांत वर उमटू लागतात, म्हणून आधी पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो. जाडीचाही हिशोब असतो. आठ मिलिमीटरचं लॅमिनेट आणि दोनाचा फोम मिळून जमीन सेंटिमीटरभर वर येते. दारं खालून तासावी लागतात, आणि हा खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो.

लॅमिनेटच्या खोक्यावर एसी-३, एसी-४ असे आकडे असतात. ते झीज किती सोसेल ते सांगतात, पाण्याबद्दल काही सांगत नाहीत. राहत्या घराला एसी-३ पुरतं. व्हिनाइलवर वरच्या थराची जाडी पाहावी: घरात ०.३ मिमी चालते, दुकान किंवा ऑफिस असेल तर ०.५. लॅमिनेट घेताना ‘ई-१’ ही खूणही शोधावी, ती रेझिनमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडची मर्यादा पाळल्याची. २०१५ मध्ये अमेरिकेत याच वायूवरून मोठा गदारोळ झाला आणि एका बड्या दुकान-साखळीला चीनमध्ये बनलेल्या लॅमिनेटची विक्री थांबवावी लागली होती.

काम संपल्यावर उरलेल्या पाच-सहा पट्ट्या सुताराला परत देऊ नयेत. त्याच छटेचा माल दोन वर्षांनी मिळेलच असं नाही. खोक्यावरचा बॅच नंबर कापून त्यांच्यासोबत बांधावा आणि त्या आडव्या, सपाट ठेवाव्यात. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर वाकतात.