आधी हॉटस्पॉट लावून बघा

स्टीमवर गेम उतरवताना ‘कंटेंट सर्व्हर्स अनरीचेबल’ असं आलं की बहुतेक पोरं पहिली कुऱ्हाड गेमवरच चालवतात. अनइन्स्टॉल करायचं आणि परत पहिल्यापासून सुरू. चाळीस-पन्नास जीबी पाण्यात जातात आणि एरर जिथल्या तिथे. हे बघून माझा जीव तुटतो.

खरं तर गेम एकगठ्ठा येतच नाही. त्याचे साधारण एकेक एमबीचे तुकडे केलेले असतात. कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, याची यादी म्हणजे मॅनिफेस्ट आधी येते, आणि उतरलेला प्रत्येक तुकडा त्या यादीशी ताडून घेतला जातो. लाइन तुटली तरी आलेले तुकडे ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘डाउनलोडिंग’ फोल्डरमध्ये शाबूत असतात. त्या फोल्डरला हात लावू नये.

मागे एका मुलाचा पीसी बघायला गेलो होतो. यूट्यूब झकास चालू, डाउनलोडचा आकडा मात्र शून्यावर. फोनचा हॉटस्पॉट जोडला आणि आकडा लगेच हलला. पीसी आणि क्लायंट दोन्ही सुटले. घोळ घरच्या ब्रॉडबँडचा होता. स्टीमच्या ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये कंटेंट लॉग नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, ती उघडली. शेवटच्या ओळींत सर्व्हरचं एकच नाव पुन्हा पुन्हा टाइमआउट होत होतं. राउटरमधला डीएनएस बदलून १.१.१.१ टाकला, विंडोजचा जुना डीएनएस कॅश पुसला, स्टीम पूर्ण बंद करून उघडलं. डाउनलोड थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं.

दर वेळी डीएनएसच निघतो असं नाही. सेटिंग्जमध्ये डाउनलोड रीजन मुंबईवरून चेन्नई केला तरी पुष्कळदा भागतं, कारण एका शहरातल्या सर्व्हरवर गर्दी असली तरी दुसरीकडे मोकळं असतं. डाउनलोड कॅश साफ करणंही बरं. त्याने इन्स्टॉल झालेले गेम जात नाहीत, पण पुन्हा लॉगिन मागितलं जाऊ शकतं, म्हणून पासवर्ड आणि स्टीम गार्डचा फोन जवळ ठेवावा. बुधवारी पहाटे एरर आली तर काहीच करू नये, थोडं थांबावं. अमेरिकेत तेव्हा मंगळवार असतो आणि स्टीमची नेहमीची देखभाल त्याच दिवशी चालते.

हॉटस्पॉटवरही आकडा शून्यच राहिला तर मात्र पीसी तपासायला घ्यावा. व्हीपीएन काढून टाकलं तरी विंडोजमधली प्रॉक्सी तशीच चालू राहिलेली मी कित्येक पीसींवर पाहिली आहे. ती आधी बंद करावी, पीसी रीस्टार्ट करावा, मग फायरवॉल आणि अँटीव्हायरसकडे वळावं. अँटीव्हायरस सरसकट बंद करून ठेवायची गरज नसते, स्टीमला त्यात अपवाद म्हणून घातलं तरी पुरतं.