विमानप्रवास आणि कानाचे दडे

१ डिसेंबर १७८३ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ झाक शार्ल यांनी हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात उड्डाण केले. त्याच दिवशी ते दुसऱ्यांदा एकटेच वर गेले. फुगा झपाट्याने सुमारे ३,००० मीटर उंचीवर पोहोचला, आणि कानातील तीव्र वेदनेमुळे त्यांना खाली उतरावे लागले. आज परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे जाऊन आलेली वडीलधारी मंडळी ‘कानाचे दडे अजून सुटले नाहीत’ असे म्हणतात, तेव्हा आम्हांस या शास्त्रज्ञाचे स्मरण होते. दुखणे तेच आहे.

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण ही हवेने भरलेली लहानशी पोकळी असते. एका बारीक नळीने ती नाकामागे घशाच्या वरच्या भागाशी जोडलेली असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावाने ही नळी ओळखली जाते. एरवी मिटलेली ही नळी आवंढा गिळताना वा जांभई देताना क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान करते.

विमान कितीही उंच उडाले तरी आतील दाब साधारणतः ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका राखलेला असतो. चढताना मध्यकर्णातील जादा हवा नळीवाटे सहज निसटते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि हवा आपण होऊन आत शिरत नाही. स्नायूंनी नळी उघडावी लागते. ती न उघडल्यास पडदा आत ओढला जातो व कान ठणकू लागतो. सर्दीपडसे, ॲलर्जी किंवा नाकाची जुनी सूज असल्यास नळीचे तोंड आधीच बंद झालेले असते. झोपेत आपण क्वचितच गिळतो, म्हणून विमान उतरताना झोपलेल्यास त्रास अधिक. लहान मुलांची नळी अरुंद व आडवी असल्याने ती रडू लागतात.

प्रवास संपल्यावरही त्रास का राहतो? दाब फार वेळ असमान राहिला, तर मध्यकर्णाच्या अस्तरातून द्रव पाझरून साचतो. मग कान जड वाटतो, ऐकू कमी येते. बहुधा काही तासांत वा दिवसांत हे आपोआप निवळते. क्वचित पडदा फाटतो. कधी कानात आधीचा साचलेला मळही कान गच्च वाटण्यास कारण असतो.

आपल्या घरांत कान दुखला की लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडण्याची चाल आहे. येथे ती टाळावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. बिघाड पडद्यापलीकडे असतो. पडदा धड असेल तर तेल तेथे पोहोचत नाही, आणि फाटला असेल तर ते आत उतरून अपाय करते.

विमान उतरू लागताच जागे राहावे, गोळी चघळावी, घोट घोट पाणी प्यावे, तान्ह्या बाळास पाजावे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळुवार फुंकर मारल्यानेही नळी उघडते. पण जोर मुळीच लावू नये. जोराची सर्दी असल्यास प्रवास पुढे ढकलणे उत्तम. ते शक्य नसल्यास नाकात घालावयाच्या थेंबांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. कानातून रक्त वा पाणी येणे, गरगरणे, एकाएकी ऐकू न येणे किंवा वेदना वाढत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वरित कानाचे डॉक्टर गाठावेत. बहुतेकांचे दडे यथावकाश सुटतील. ज्यांचे सुटणार नाहीत, त्यांना वेळीच ओळखणे हेच घरच्यांचे काम.